भांडी फोडली, होड्या बुडवल्या: चार अक्षरांतली एक चिनी लढाई

साधारणपणे 7 जूनला चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू होते. तिचं नाव गाओकाओ. 2024 साली या परीक्षेसाठी 1 कोटी 34 लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. दरवर्षी त्या दिवसांत बातम्या येतात, फोटो येतात. वर्गाच्या भिंतींवर, शाळेच्या फाटकावर लाल कापडं लावलेली असतात आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत घोषणा लिहिलेल्या असतात. त्यांत चार अक्षरं पुन्हा पुन्हा भेटतात: फो फू छन चौ. शब्दाला शब्द ठेवला तर अर्थ निघतो, ‘फोड हंडा, बुडव होडी’.

बारावीच्या मुलाने हंडा का फोडायचा, असा प्रश्न कुणालाही पडेल. भाषांतर वाचून तो सुटत नाही, कारण या चार अक्षरांच्या मागे 2200 वर्षांपूर्वीची एक लढाई आहे. ती माहीत नसेल तर शब्द नुसतेच उरतात. ती नीट सांगावी असं मला वाटण्याचं आणखी एक कारण आहे. अगदी याच अर्थाचा वाक्प्रचार मराठीत आहे, आणि आजकाल तो आपल्या मुलांना ज्या पद्धतीने ऐकवला जातो त्याची मला काळजी वाटते. त्याकडे शेवटी येतो.

छंग-यू म्हणजे काय

चिनी भाषेत अशा वाक्प्रचारांना छंग-यू म्हणतात. बहुतेक छंग-यू चार अक्षरांचे असतात. चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे एक उच्चार, आणि जुन्या भाषेत बहुधा एक पूर्ण शब्द. त्यामुळे चार अक्षरांत दोन छोटी वाक्यं सहज बसतात: फोडणे-हंडा, बुडवणे-होडी. चार ठोक्यांचा ताल जमतो आणि शब्द तोंडात बसतात.

मराठी माणसाला हा प्रकार परका वाटू नये. ‘ध चा मा करणे’ हे एखाद्या परक्या माणसाला समजावून बघा. अक्षरं दोनच, पण ती कळायला नारायणराव पेशव्यांचा 1773 मधला खून माहीत हवा, आनंदीबाईंचं नाव माहीत हवं, ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं ही आख्यायिका माहीत हवी. ‘पानिपत होणे’ तसंच. आपण हे शब्द बोलून जातो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात सगळी गोष्ट आपोआप उलगडते. चिनी माणसाकडे अशा मुडपून ठेवलेल्या गोष्टी हजारोंनी आहेत, आणि शाळेत त्या पाठ करून घेतात.

फो फू छन चौ मधले शब्दही जुने आहेत. आज चिनी घरात स्वयंपाकाच्या भांड्याला कुणी ‘फू’ म्हणत नाही, आणि होडीला ‘चौ’ म्हणत नाही. आपण बोलताना ‘होडी’ म्हणतो आणि कवितेत ‘नौका’ लिहितो, तितकं अंतर.

जूलूचा वेढा

इ.स.पू. 221 मध्ये छिन राज्याने बाकीची सगळी राज्यं जिंकून चीन पहिल्यांदा एका सत्तेखाली आणला. पहिला सम्राट इ.स.पू. 210 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी बंडं सुरू झाली. वेठबिगार, जबर शिक्षा, करांचा बोजा यांनी लोक पिचले होते. जिंकलेली जुनी राज्यं एकेक करून पुन्हा डोकं वर काढू लागली. दक्षिणेत छू नावाचं राज्य होतं, उत्तरेत चाओ.

छिनच्या सैन्याने चाओच्या राजाला जूलू नावाच्या नगरात कोंडलं. आजच्या हबेई प्रांतातली ही जागा. वांग ली हा सेनापती वेढा घालून बसला होता. त्याच्या दक्षिणेला चांग हान हा दुसरा, अधिक अनुभवी सेनापती होता. त्याने दोन्ही बाजूंनी भिंती घातलेला एक लांब रस्ता बांधून काढला आणि त्या रस्त्याने वेढ्यातल्या सैन्याला धान्य पोचवायला सुरुवात केली. हा भिंतींचा रस्ता लक्षात ठेवा.

छूच्या राजाने चाओच्या मदतीला फौज पाठवली. सरसेनापती सोंग यी, आणि त्याच्या हाताखाली श्यांग यू नावाचा पंचविशीतला तरुण. याच्या काकाला थोड्याच काळापूर्वी चांग हानच्या फौजेने लढाईत मारलं होतं. सोंग यी वाटेत एके ठिकाणी थांबला आणि 46 दिवस हललाच नाही. छिन आणि चाओ आपापसांत लढून दमू देत, मग आपण जाऊ, असा त्याचा हिशेब. दिवस थंडीचे, वरून पाऊस. सैन्याकडे धान्याचा साठा उरला नव्हता, शिपाई अळूचे कंद आणि कडधान्यं खाऊन दिवस काढत होते. त्याच वेळी सोंग यीने आपल्या मुलाला दुसऱ्या राज्यात मंत्रिपदावर पाठवण्यासाठी मेजवानी दिली.

श्यांग यूचं म्हणणं होतं की चाओ नुकतंच उभं राहिलंय, ते छिनला दमवणार नाही, छिन त्याला गिळून आणखी बळावेल. एका सकाळी तो सोंग यीच्या तंबूत गेला आणि त्याचं डोकं कापून बाहेर आला. फौज आता त्याच्या हातात होती.

आधी त्याने दोन सरदारांबरोबर 20,000 माणसं नदीपार पाठवली. थोडं यश मिळालं, पण वेढा उठला नाही. मग उरलेलं सगळं सैन्य घेऊन तो स्वतः नदी ओलांडून गेला. पुढे काय झालं ते सीमा छ्येन या इतिहासकाराने ‘शिजी’ या ग्रंथात एका वाक्यात लिहिलंय. त्याचा आशय असा: त्याने सगळ्या होड्या बुडवल्या, हंडे आणि वाफेवर शिजवायची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या, फक्त तीन दिवसांचं धान्य बरोबर घेतलं, आणि शिपायांना दाखवून दिलं की आता मरेपर्यंत लढायचं, परतीचा विचारही मनात आणायचा नाही.

नऊ चकमकी झाल्या. छूच्या लोकांनी भिंतींचा तो रस्ता तोडला, वेढ्यातल्या सैन्याची रसद बंद पडली आणि छिनची फौज मोडली. वांग ली कैद झाला. चाओच्या मदतीला आलेल्या इतर राज्यांच्या दहाहून जास्त छावण्या आसपास होत्या, पण एकानेही माणूस बाहेर काढला नव्हता. त्यांचे सेनापती तटबंदीवर उभे राहून बघत होते. लढाई संपल्यावर श्यांग यूने त्यांना बोलावलं, तेव्हा ते गुडघ्यांवर सरपटत आत आले आणि एकाचीही मान वर करायची हिंमत झाली नाही.

या एका प्रसंगातून चिनी भाषेला तीन वाक्प्रचार मिळाले. हंडे-होड्यांचा एक. ‘एकाने दहांना भारी पडणे’ हा दुसरा, कारण छूचा एकेक शिपाई दहा जणांच्या बरोबरीने लढला असं सीमा छ्येन लिहितो. आणि ‘तटावरून बघणे’ हा तिसरा. दोघे झगडत असताना स्वतः नामानिराळं राहणाऱ्यासाठी तो आजही वापरतात.

होड्या कळल्या, पण हंडे कशाला?

गोष्ट सांगताना बहुतेक जण होड्यांवर भर देतात. मला विचाराल तर खरी मेख हंड्यांत आहे.

होडी बुडवली की परत जाण्याची वाट बंद होते. पण सैन्यापुढे आणखी एक वाट असते: काहीच न करण्याची. नदीच्या पलीकडे जाऊनही तळ ठोकता येतो, चुली पेटवता येतात, ‘बघू, शत्रू काय करतो’ म्हणत आठवडे काढता येतात. सोंग यीने 46 दिवस हेच तर केलं होतं. हंडा फोडला की ही वाट संपते. तीन दिवसांचं धान्य आहे, शिजवायला भांडं नाही, डोक्यावर छप्पर नाही. आता थांबणं हेच सगळ्यांत महाग. ‘जेवण शत्रूच्या भांड्यांत शिजवू’ असं श्यांग यू म्हणाल्याचं गोष्टींत रंगवून सांगतात. मूळ ग्रंथात तसं वाक्य नाही, पण सांगणाऱ्यांनी मर्म बरोबर पकडलंय.

वाक्प्रचारातला क्रमही बघा. ग्रंथात आधी होड्या आहेत, मग भांडी, मग राहुट्या, मग धान्य. लोकांच्या तोंडी रुळताना हंडा पुढे आला, राहुट्या गळाल्या आणि तीन दिवसांचं धान्यही गळालं. चार अक्षरांत सगळं मावत नाही हे खरं. पण ते धान्य गळायला नको होतं असं मला फार वाटतं.

हा निव्वळ वेडेपणा नव्हता का?

ही शंका रास्त आहे. उत्तर त्या धान्यात आहे.

धान्य तीन दिवसांचं घेतलं होतं. म्हणजे तीन दिवसांत काय करायचं हे ठरलेलं होतं. शत्रूचा जीव कशात आहे हे ठाऊक होतं: भिंतींच्या त्या रस्त्यात. वांग लीची फौज कितीही मोठी असो, तिचं पोट त्या एका रस्त्यावर अवलंबून होतं. 20,000 माणसं पुढे पाठवून अंदाज घेतलेला होता. सैन्य आधीच अर्धपोटी असल्याने थांबून राहण्यात काही कमावण्यासारखं नव्हतं. आणि सैन्य त्याच्या शब्दावर चालत होतं. हे सगळं झाल्यावर होड्या बुडाल्या.

चिनी भाषेनेही हा फरक सांभाळलाय. जुगारात उरलेले सगळे पैसे एका डावावर लावणे, असा आणखी एक चार अक्षरी वाक्प्रचार आहे. त्यात हताशपणाची छटा आहे, बोलणाऱ्याची नापसंती त्यात ऐकू येते. फो फू छन चौ मात्र बहुधा कौतुकाने म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, सगळं पणाला लागलेलं. भाषा मात्र त्यांना एका पंक्तीत बसवत नाही.

श्यांग यू हा काही पहिला नव्हे. इ.स.पू. 624 मध्ये छिनच्या राजाने नदी ओलांडून आपल्या नावा जाळल्या होत्या, तशी जुनी नोंद आहे. युरोपात ‘जहाजं जाळणे’ असा वाक्प्रचार आहे, आणि तो 1519 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कोर्तेस या स्पॅनिश सेनानीशी जोडतात. त्याने प्रत्यक्षात जहाजं जाळली नव्हती, निकामी करून बुडवली होती.

वाट बंद झाली की माणूस का लढतो?

कोकणात उतरणारा अरुंद घाट डोळ्यांपुढे आणा. एकच गाडी जाईल एवढा रस्ता, आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या आहेत. कुणीतरी मागे घ्यायला हवी. एकाच्या मागे दहा गाड्यांची रांग लागलीय, दुसऱ्याच्या मागे रस्ता मोकळा आहे. गाडी कोण मागे घेणार? मोकळा रस्ता असलेला. ज्याला मागे जाताच येत नाही त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो. म्हणजे एका अर्थाने मागची रांग ही अडचण नव्हे, ताकद आहे.

अर्थशास्त्रात याला बांधिलकी म्हणतात: आपले पर्याय आपणच, समोरच्याला दिसेल अशा रीतीने, कमी करणे. टॉमस शेलिंग या अमेरिकी अभ्यासकाने 1960 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. पुढे 2005 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

श्यांग यूच्या बाबतीत मात्र बांधिलकी शत्रूला दाखवण्यापेक्षा आपल्याच माणसांना दाखवायची होती. सैन्यात प्रत्येकाच्या मनात एकच भीती असते: मी लढतोय, पण शेजारचा पळाला तर? होड्या असतील तोवर ही भीती खरी आहे. होड्या बुडाल्या की शेजारचाही पळू शकत नाही, आणि हे दोघांनाही माहीत असतं.

जूलूनंतर तीनच वर्षांनी, इ.स.पू. 204 मध्ये, हान शिन या सेनापतीने मुद्दाम नदीकडे पाठ करून सैन्य उभं केलं. शत्रू हसला, कारण युद्धशास्त्रात असं करू नये असंच लिहिलेलं होतं. हान शिन जिंकला. नंतर त्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझी माणसं मुरलेली नव्हती, बाजारातून गोळा केल्यासारखी होती. त्यांना पळायला वाट ठेवली असती तर सगळी पळाली असती. त्याने सुन त्झू या जुन्या चिनी युद्धतज्ज्ञाच्या ग्रंथाचा आधारही दिला: मरणाच्या जागी लोटलं की सैन्य जगतं. अर्थात तो नुसता नदीवर विसंबला नव्हता. रात्रीतच त्याने 2,000 घोडेस्वार लाल निशाणं देऊन शत्रूच्या छावणीजवळ लपवून ठेवले होते. छावणी रिकामी झाली तशी त्यांनी आत शिरून आपली निशाणं लावली.

त्याच सुन त्झूच्या ग्रंथात दुसरा सल्ला आहे, तो या सल्ल्याशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. शत्रूला वेढलंत तर एक बाजू मोकळी सोडा. कारण तेच: वाट नसलेला माणूस भयंकर लढतो.

आपलं ‘परतीचे दोर कापणे’ हेच का?

जवळजवळ हेच. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, कोंढाणा. चौथीच्या इतिहासात आपण सगळ्यांनी वाचलेली गोष्ट आहे. तानाजी मालुसरे पडले, मावळे कड्याच्या दोरांकडे धावले, आणि सूर्याजी मालुसरे आडवे आले: दोर मी केव्हाच कापून टाकलेत, आता कड्यावरून उड्या टाकून मरा नाहीतर शत्रूवर तुटून पडा. परंपरेने ही गोष्ट अशी आपल्यापर्यंत आली आणि भाषेत कायमची राहिली.

फरक एकच, पण मोलाचा. जूलूला होड्या लढाईआधी बुडाल्या, ठरवून. सिंहगडावर दोर लढाईच्या मध्यात कापले गेले, सैन्य मोडू लागल्यावर. तिकडे बेत होता, इकडे फुटत चाललेली फळी सावरणं होतं.

साम्य त्याहून मोलाचं आहे. दोर कापताना सूर्याजी स्वतः कड्याच्या वरच होते. होड्या बुडवताना श्यांग यू नदीच्या त्याच काठावर होता. ज्याने वाट बंद केली त्याचीही वाट बंद झाली.

मग परीक्षेच्या भिंतीवर हे लिहिलं तर बिघडलं काय?

मुलांना जिद्द हवीच, त्यात वाईट काही नाही. चीनमधल्या वर्गांत एक प्रसिद्ध जोडकाव्य लावतात. त्याच्या पहिल्या ओळीत हंडे आणि होड्या आहेत. दुसऱ्या ओळीत यूए राज्याचा राजा गोउज्येन आहे, जो हरल्यावर रोज कडू पित्त चाखून अपमान आठवत राहिला आणि बऱ्याच वर्षांच्या तयारीनंतर इ.स.पू. 473 मध्ये जिंकला. एक ओळ तीन दिवसांची, दुसरी वर्षानुवर्षांची. ज्याने या दोन ओळी शेजारी ठेवल्या त्याला विषय कळला होता. घोषणा म्हणून मात्र पहिलीच ओळ जास्त वापरली जाते, कारण ती ओरडायला सोपी आहे.

पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं राहतात. त्यांच्या फोनवर दिवसाला चार तरी व्हिडिओ येतात: दुसरा पर्याय ठेवू नका, परतीचे दोर कापा. माझ्या ओळखीचा एक मुलगा चौथ्या प्रयत्नात होता. घरची शेती बटाईने दिलेली, हातातली नोकरी सोडलेली. त्याला मी विचारलं, किती वर्षं द्यायची ठरवलीस? तो म्हणाला, ठरवलं नाही, दोर कापलेत. त्या उत्तराने मला अजून अस्वस्थ वाटतं.

त्याला कुणी तीन दिवसांच्या धान्याबद्दल सांगितलंच नव्हतं. श्यांग यूने होड्या बुडवल्या, पण मुदतही घातली होती. मुदत नसलेली नदीपार म्हणजे पुन्हा सोंग यीचे 46 दिवस, फक्त होडीशिवाय. शिवाय लढाईत वाट बंद केल्याने बळ येतं ते शेजाऱ्याच्या पळण्याची भीती जाते म्हणून. परीक्षेच्या खोलीत शेजारी कुणी नसतो. तिथे जागा ठरलेल्या असतात आणि सगळ्यांनीच दोर कापले तरी त्या वाढत नाहीत. आणि मुलाला दोर कापायला सांगणारा माणूस कड्यावर त्याच्या शेजारी उभा नसतो. तो खाली, गावात असतो. सूर्याजींचा आधार घ्यायचा असेल तर आधी वर यायला हवं.

आणि शेवटची होडी

गाओकाओच्या भिंतींवर श्यांग यूच्या पुढच्या आयुष्याबद्दल काही नसतं. जूलूनंतर चांग हानही शरण आला. छिनच्या शरणागत सैनिकांपैकी दोन लाख माणसं श्यांग यूने एका रात्रीत मारून पुरली, असं सीमा छ्येन लिहितो. त्यानंतर ल्यू बांग या प्रतिस्पर्ध्याशी त्याचं चार वर्षं युद्ध चाललं. इ.स.पू. 202 मध्ये तो वेढला गेला. रात्री चारही बाजूंच्या शत्रूच्या छावण्यांतून त्याच्याच छू प्रांताची गाणी ऐकू आली, तेव्हा आपली माणसं तिकडे गेली असं त्याला वाटलं.

आठशे स्वार घेऊन तो वेढा फोडून निसटला. वूज्यांग इथे नदीच्या काठी पोचला तेव्हा त्याच्याबरोबर मूठभर उरले होते. तिथला एक स्थानिक अंमलदार होडी लावून थांबला होता. तो म्हणाला, पलीकडचा मुलूख लहान असला तरी राज्य करण्याजोगा आहे, आणि या काठावर होडी फक्त माझ्याकडे आहे. शत्रूला नदी ओलांडता येणार नाही. चला.

श्यांग यू हसला. म्हणाला, त्या काठावरून माझ्याबरोबर आठ हजार तरुण आले होते. आज एकही परत जात नाही. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी दया येऊन मला राजा केलं, तरी मी कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर उभा राहू? पाच वर्षं ज्यावर बसून लढला तो घोडा त्याने होडीवाल्याला दिला, सोबतच्यांना खाली उतरायला सांगितलं, आणि आखूड हत्यारं हातात घेऊन ते सगळे पायीच शत्रूकडे वळले.